रान, सडा आणि ऊन : दक्षिण कोकणातील एका जुन्या प्रश्नाचा मागोवा

'झाडे तोडल्यामुळे पाऊस कमी होतो व तापमान वाढते.' हे वाक्य आपण वर्गात कितीदा तरी सांगितलेले असते. विद्यार्थी ते पाठ करतात, उत्तरपत्रिकेत लिहितात आणि त्याला गुणही मिळतात. पण हे कोणी, केव्हा आणि कशाच्या आधारावर शोधून काढले, असे एखाद्या विद्यार्थ्याने विचारले तर काय सांगावे? पाऊस आणि तापमान या दोन गोष्टी एकाच वाक्यात बांधल्या आहेत, त्या दोन्ही सारख्याच भक्कम पुराव्यावर उभ्या आहेत का? आणि तापमान म्हणजे नेमके कशाचे तापमान? हवेचे, मातीचे, की झाडांच्या शेंड्यांचे?

या प्रश्नांची उत्तरे शोधताना आपल्याला फार लांब जावे लागत नाही. मुंबई इलाख्यात हा प्रश्न ज्या भागांतून प्रथम सरकारदरबारी गेला त्यांत दक्षिण कोकण महत्त्वाचे आहे. आजचा सिंधुदुर्ग जिल्हा त्याचाच भाग. (हा जिल्हा १ मे १९८१ रोजी रत्नागिरीपासून वेगळा झाला.) तेव्हा मालवणच्या किनाऱ्यापासून आंबोलीच्या घाटापर्यंतच्या या चिंचोळ्या पट्टीत उभे राहूनच या वाक्याचा इतिहास पाहू.

आरमार आणि झाडे

सिंधुदुर्ग किल्ल्याचे बांधकाम १६६४ साली मालवणजवळच्या कुरटे बेटावर सुरू झाले आणि १६६७ च्या सुमारास पुरे झाले. आरमार म्हटले की लाकूड आलेच. गलबतांच्या फळ्या, डोलकाठ्या, सुकाणू या सगळ्यांसाठी साग व इतर टिकाऊ लाकूड लागे. मराठी राज्यकर्त्यांचा झाडांविषयीचा दृष्टिकोन रामचंद्रपंत अमात्यांच्या 'आज्ञापत्रा'त (सुमारे १७१५) दिसतो. आरमारासाठी सागासारखी झाडे परवानगी घेऊन तोडावीत, परंतु आंबा, फणस यांसारख्या झाडांना हात लावू नये, कारण ती वर्ष-दोन वर्षांत होत नाहीत व रयतेने ती लेकरांप्रमाणे वाढवलेली असतात, असा त्याचा आशय आहे. अगदीच जीर्ण झालेले झाड हवे असेल तर धन्याला राजी करून, मोल देऊन घ्यावे, असेही त्यात सांगितले आहे.

आज्ञापत्रात पावसाचा किंवा उन्हाळ्याचा उल्लेख नाही. झाडाकडे पाहण्याची दृष्टी राज्याची गरज आणि रयतेचे हित यांची आहे. जंगल व हवामान यांचा संबंध हा विचार लिखित धोरणात यायला आणखी सव्वाशे वर्षे जावी लागली.

डनलॉपचा जाहीरनामा

१८१२ मध्ये कोल्हापूरकरांकडून मालवण इंग्रजांकडे आले आणि १८१८ मध्ये पेशवाई संपल्यावर उरलेले दक्षिण कोकणही आले. सावंतवाडी मात्र वेगळे संस्थान राहिले. १८२० च्या दशकात दक्षिण कोकणचे कलेक्टर डनलॉप यांनी एक जाहीरनामा काढला आणि इथल्या झाडांवरचा सरकारी हक्क सोडून तो गावकऱ्यांकडे व जमीनधारकांकडे दिला. मालकी मिळाली की लोक झाडे राखतील, नवी लावतील, अशी त्यामागची अपेक्षा होती.

घडले ते वेगळे. मुंबई शहर वाढत होते. तिथे जहाजबांधणी होती, घरबांधणी होती आणि हजारो चुली पेटत होत्या. कोकणातल्या खाड्या म्हणजे मुंबईला जाणारे आयते रस्ते. डोंगरउतारावरचे लाकूड खाडीकाठी आणायचे, मचव्यात भरायचे आणि वाऱ्याची दिशा पाहून मुंबईस पाठवायचे, असा हा व्यापार. त्यातच उतारावर कुमरी, म्हणजे रान तोडून, जाळून नाचणी-वरीचे पीक काढण्याची फिरती शेती होती, आणि भाताच्या भाजावळीसाठी दरवर्षी कवळ तोडली जाई. किनाऱ्यालगतच्या टेकड्या पाहता पाहता उघड्या पडल्या.

या जाहीरनाम्याचा परिणाम आजही पुसलेला नाही. महाराष्ट्राच्या इतर बहुतेक वनप्रदेशांत जंगल म्हटले की ते वनखात्याचे, असे समीकरण असते. रत्नागिरी व सिंधुदुर्ग जिल्ह्यांत मात्र जंगलाचा फार मोठा वाटा खाजगी मालकीचा आहे.

डॉ. गिब्सन यांचा अहवाल

अलेक्झांडर गिब्सन हे स्कॉटलंडचे शल्यचिकित्सक आणि वनस्पतिशास्त्रज्ञ. पुण्याजवळ दापोडी येथील सरकारी वनस्पतिउद्यानाचे ते अधीक्षक होते. डॉक्टरांना त्या काळी वनस्पतिशास्त्र शिकावेच लागे, कारण बरीच औषधे झाडपाल्याची असत. १८४० च्या दशकात ते कोकणातून फिरले तेव्हा त्यांनी दोन गोष्टी सरकारच्या कानावर घातल्या. पहिली, उघड्या पडलेल्या उतारांवरून माती वाहून खाड्या गाळाने भरत आहेत. दुसरी, रान गेले तसे झरे आणि ओहोळ आटले, असे गावकरीच सांगत आहेत.

खाडी गाळाने भरण्याचा अर्थ या भागात सर्वांना कळतो. विजयदुर्गच्या खाडीवरचे खारेपाटण एके काळी भरभराटीचे बंदर होते. मोठी गलबते किनाऱ्यापासून कित्येक कोस आत तिथवर जात. गाळ साचत गेला तसे हे बंदर मागे पडले. एकट्या जंगलतोडीनेच ते झाले असे म्हणता येणार नाही, कारण खाडीत गाळ साचणे ही मुळात नैसर्गिक क्रिया आहे. पण उतार उघडे पडले की तिचा वेग वाढतो.

१८४७ मध्ये मुंबई सरकारने गिब्सन यांना वनसंरक्षक नेमले. हिंदुस्थानचे केंद्रीय वनखाते स्थापन झाले १८६४ मध्ये. म्हणजे मुंबई इलाख्याने त्याआधी सतरा वर्षे हे पद निर्माण केले होते. गिब्सन आणि त्यांचे उत्तराधिकारी निकोल डाल्झेल यांनी मिळून लिहिलेला 'बॉम्बे फ्लोरा' हा ग्रंथ १८६१ मध्ये निघाला. या भागातील वनस्पतींची पद्धतशीर ओळख करून देणारा तो पाया मानला जातो.

गिब्सन यांचे म्हणणे हवेतून आलेले नव्हते. १८०० साली जर्मन निसर्गशास्त्रज्ञ हुम्बोल्ट व्हेनेझुएलातील व्हॅलेन्सिया सरोवराकाठी गेले होते. सरोवराचे पाणी का घटत आहे, याचे कारण त्यांनी भोवतालच्या जंगलतोडीत शोधले. पुढे फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ बूसिंगो तिथे गेले तेव्हा युद्धामुळे शेते ओस पडून रान पुन्हा वाढले होते आणि पाणी चढू लागले होते. १८४९ मध्ये मद्रासच्या एडवर्ड बाल्फर यांनी झाडे, पाऊस व ओलावा यांच्या संबंधावर टिपणे प्रसिद्ध केली. १८५१ मध्ये ब्रिटिश असोसिएशनच्या समितीने उष्ण कटिबंधातील जंगलनाशावर अहवाल सादर केला. ह्यू क्लेगहॉर्न हे त्या समितीतले प्रमुख नाव. गिब्सन यांची कोकणातील निरीक्षणे या अहवालात घेतलेली होती. मालवण-राजापूरकडच्या गावकऱ्यांनी आटलेल्या झऱ्यांविषयी सांगितलेली गोष्ट अशी इंग्लंडमधील शास्त्रज्ञांच्या सभेपर्यंत पोचली.

या समितीने एक विवेक दाखवला. जंगलामुळे जमिनीतला ओलावा आणि झरे टिकतात, हे तिने जोर देऊन सांगितले. पण जंगलामुळे एकंदर पाऊस वाढतो का, याबद्दल मात्र सावध भूमिका घेतली.

इथे इतिहासाच्या विद्यार्थ्याने आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. 'तोडीमुळे हवामान बिघडते' हा युक्तिवाद वनसंरक्षकांना सोयीचाही होता, कारण त्याच्या आधारे जंगलावर सरकारी ताबा मागता येई. दोष बहुधा कुमरी करणाऱ्याच्या आणि कवळ तोडणाऱ्याच्या माथी मारला जाई. मुंबईच्या गोदीचा आणि वखारीचा उल्लेख हळू आवाजात होई. पुढे १८७८ च्या वन कायद्याने देशाच्या मोठ्या भागात गावकऱ्यांचे हक्क आक्रसले. निरीक्षण खरे असूनही त्याचा वापर एकतर्फी होऊ शकतो, याचे हे उदाहरण आहे.

पावसाचा वाद, उष्णतेचे मोजमाप

१८७५ मध्ये भारतीय हवामान खाते स्थापन झाले आणि पावसाची पद्धतशीर आकडेवारी जमू लागली. खात्याचे पहिले प्रमुख ब्लॅनफर्ड यांनी १८८७ मध्ये मध्य प्रांतातील आकडे तपासले. तिथे १८७५ नंतर जंगलांना संरक्षण मिळाले होते आणि पाऊसही वाढलेला दिसत होता. पण पाऊस असाही काही वर्षे वाढतो, काही वर्षे घटतो. १९१० मध्ये गिल्बर्ट वॉकर यांनी देशभरातील नोंदी तपासून असा निर्वाळा दिला की, भारताचे हवामान कायमचे बदलल्याचा पुरावा त्यांत दिसत नाही. कोकणापुरते पाहिले तर कारण समजण्यासारखे आहे. इथला पाऊस मुख्यतः अरबी समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यांचा आणि सह्याद्रीच्या भिंतीचा. सडा उघडा असला म्हणून जुलैचे ढग परत जात नाहीत.

तापमानाचे प्रकरण वेगळ्या वाटेने पुढे सरकले. जर्मनीतील बव्हेरिया प्रांतात एबरमायर यांनी जंगलात आणि शेजारच्या उघड्या जमिनीवर अशी जोडीने निरीक्षणकेंद्रे उभारली व १८७३ मध्ये निष्कर्ष छापले. उन्हाळ्यात जंगलातील हवा आणि विशेषतः माती थंड असते, हे आकड्यांनी सिद्ध झाले. ही जोडीची पद्धत महत्त्वाची, कारण ऊन तेच, वारा तोच, पाऊस तोच. फरक फक्त झाडांचा.

आपल्याकडे पुण्यात १९३२ मध्ये हवामान खात्याची कृषिहवामान शाखा सुरू झाली. तिचे प्रमुख एल. ए. रामदास यांनी जमिनीलगतच्या काही सेंटीमीटरांतले तापमान मोजण्याचे मोठे काम केले. उन्हाळ्यात पुण्याच्या काळ्या मातीचा पृष्ठभाग दुपारी साठ अंश सेल्सिअसच्या पुढे जातो. त्याच वेळी वेधशाळेच्या पेटीतला तापमापक चाळिशीच्या आत-बाहेर असतो. हा तापमापक जमिनीपासून साधारण सव्वा मीटर उंचीवर, सावलीत असतो. म्हणजे 'आजचे तापमान ३४ अंश' असे आकाशवाणी सांगते ते हवेचे तापमान. जमिनीच्या कातडीचे तापमान, म्हणजेच भूपृष्ठ तापमान, ही निराळी राशी आहे आणि तोडीचा पहिला परिणाम दिसतो तो तिच्यावरच.

पाण्याचा हिशेब

आता विद्यार्थ्यांना एक कोडे घालता येईल. जंगल वरून गडद दिसते. ते पडलेल्या सूर्यप्रकाशापैकी साधारण १२ ते १५ टक्केच परत फेकते. गवताळ जमीन २० ते २५ टक्के परत फेकते. म्हणजे जंगल अधिक ऊर्जा शोषते. मग ते अधिक तापायला हवे. तापत का नाही?

उत्तर पाण्यात आहे. एक लीटर पाण्याची वाफ होण्यास सुमारे २४ लाख ज्यूल अप्रकट उष्मा लागतो. समजा, एक चौरस मीटर सदाहरित रान दिवसाला चार लीटर पाणी पानांवाटे बाहेर टाकते. त्यासाठी लागणारी ऊर्जा सुमारे एक कोटी ज्यूल होते. एक किलोवॉटची शेगडी पावणेतीन तास चालवली तर एवढी उष्णता मिळते. एप्रिलच्या निरभ्र दिवशी कोकणात एक चौरस मीटरवर दिवसभरात दोन कोटी ज्यूलच्या वर सौर ऊर्जा पडते. म्हणजे जवळजवळ अर्धी ऊर्जा तापवण्याऐवजी पाण्याची वाफ करण्यात खर्ची पडते. शिवाय रानाचा माथा खडबडीत असल्याने वाऱ्यात भोवरे उठतात आणि उरलेली उष्णता झपाट्याने वर नेली जाते.

शेजारचा जांभ्याचा सडा पाहा. वर्षानुवर्षे ऊन-पाऊस खाऊन तोही काळपट झालेला असतो. त्यामुळे तोही ऊर्जा भरपूर शोषतो, पण त्याच्याजवळ वाफ करायला पाणी नाही. सारी उष्णता दगड तापवते, म्हणून एप्रिलच्या दुपारी त्यावर अनवाणी पाय ठेववत नाही. रात्री हाच सडा उष्णता आकाशात सोडून निवतो. म्हणून तोडीचा परिणाम मुख्यतः दिवसाच्या तापमानावर होतो. दिवस आणि रात्र यांतले अंतर वाढते.

हा नियम सगळीकडे सारखा लागू नाही. २०११ मध्ये 'नेचर'मध्ये आलेल्या एका अभ्यासात, साधारण ४५ अंश उत्तर अक्षांशाच्या पलीकडे उघडी जमीन जंगलापेक्षा थंड असल्याचे दिसले. तिथे हिवाळ्यात उघड्या जमिनीवरचा पांढरा बर्फ प्रकाश परत फेकतो. याउलट २०१५ मधील उपग्रहांवर आधारलेल्या एका जागतिक अभ्यासात, उष्ण कटिबंधातील जंगल शेजारच्या उघड्या जमिनीपेक्षा वर्षाच्या सरासरीने दोन अंशांहून थोडे अधिक थंड आढळले. सिंधुदुर्ग १६ अंश अक्षांशाच्या आसपास आहे. आपल्याला लागू पडतो तो हा दुसरा निष्कर्ष.

उपग्रह काय पाहतो, काय पाहत नाही

प्रत्येक वस्तू आपल्या तापमानानुसार अवरक्त किरण बाहेर टाकते. १० ते १२ मायक्रोमीटर तरंगलांबीचे हे किरण वातावरणातून बऱ्यापैकी पार जातात. ते मोजून उपग्रह भूपृष्ठ तापमान काढतो. १९८४ ते २०१३ या काळात काम केलेल्या लँडसॅट-५ ची उष्णतामापनाची नजर १२० मीटरची होती. त्यानंतरच्या लँडसॅट-८ ची ती १०० मीटरची आहे. एखादी वाडी, एखादी देवराई, एखादा सडा वेगळा ओळखायला हे पुरेसे आहे.

पण सिंधुदुर्गाच्या अशा चित्रासमोर बसताना चार पथ्ये पाळावी लागतात. पहिले, जून ते सप्टेंबर ढगांमुळे चित्र मिळणे कठीण. दुसरे, लँडसॅट सकाळी साडेदहाच्या सुमारास जातो. खरी तापण्याची वेळ त्यानंतरची असते. तिसरे, ऐन, किंजळ, साग ही झाडे उन्हाळ्याच्या तोंडाशी पाने गाळतात. पाने नाहीत तर बाष्पोत्सर्जन नाही. म्हणून मार्चमधले पानगळीचे जंगल आणि बाराही महिने हिरवी असणारी देवराई यांत फरक पडतो. काजूची बाग तर सदाहरित असते. ती पानगळीच्या रानापेक्षा फारशी गरम न दिसणे शक्य आहे. यावरून 'रान तोडून काजू लावले तरी काही बिघडत नाही' असा निष्कर्ष काढणे मात्र चूक. शेंड्यांचे तापमान हा रानाचा एकच गुण झाला. मातीची धूप, झरे, प्राणी-वनस्पती यांचा हिशेब निराळा मांडावा लागतो.

चौथे पथ्य सर्वांत महत्त्वाचे. चित्रात लाल दिसणारा प्रत्येक डाग तोडीचा नसतो. मालवण-देवगडचे अनेक सडे नैसर्गिकच उघडे आहेत. कठीण जांभ्यावर मातीच नाही, तिथे रान नव्हतेच. पावसाळ्यात याच सड्यांवर अल्पजीवी फुलझाडांचे गालिचे उमलतात. ती एक स्वतंत्र परिसंस्था आहे आणि 'ओसाड' म्हणून तिच्यावर चिरेखाण काढणे हेही नुकसानच. मग कोणता उतार मुळात उघडा आणि कोणता उघडा पाडलेला, हे कसे ओळखायचे? लँडसॅटकडे १९७० च्या दशकापूर्वीचे चित्रच नाही. कोकणच्या किनारपट्टीवरची मोठी तोड त्याच्या शे-सव्वाशे वर्षे आधी होऊन गेली. त्या तोडीचे 'आधीचे चित्र' आहे ते जुन्या अहवालांत, गॅझेटियरमध्ये, गावांच्या नावांत आणि देवराईत उरलेल्या झाडांत. इतिहासाशिवाय हे विज्ञान अपुरे राहते.

समुद्राचाही विसर पडू नये. दुपारी तापलेल्या जमिनीकडे खारे वारे वाहू लागतात आणि किनाऱ्यावरची हवा आवरून धरतात. त्यामुळे मालवणात जमिनीच्या पृष्ठभागाचे तापमान दहा अंशांनी वाढले म्हणून हवेचे तापमान दहा अंशांनी वाढत नाही.

आजचा प्रश्न

किनाऱ्याची टेकडी एकोणिसाव्या शतकातच उघडी पडली. सह्याद्रीच्या पायथ्याचे सावंतवाडी-दोडामार्गचे रान मात्र बरेच टिकून राहिले. सावंतवाडी संस्थान असल्याने डनलॉपचा जाहीरनामा तिथे लागू नव्हता; पण तिथला चढउतार आणि अधिक पाऊस हीही कारणे आहेत, सारे श्रेय एकाच कारणाला देता येत नाही. अलीकडच्या काही दशकांत तिथेही रबर, अननस यांच्या लागवडीसाठी रान साफ होऊ लागले. २०१३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने या पट्ट्यातील वृक्षतोडीवर बंदी घातली आणि मार्च २०२४ मध्ये तिथली २५ गावे पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर करण्याचे निर्देश दिले. ज्याचे रान आहे त्याचे पोटही त्यावर आहे, हा डनलॉप-गिब्सन यांच्या काळातला पेच तसाच आहे. मालकाला दोषी ठरवून तो सुटला नव्हता, आणि त्याला मोकळे सोडूनही नाही.

शाळेत करता येईल असे

एबरमायर यांची जोडीची पद्धत कोकणातील कोणत्याही शाळेला वापरता येईल. उघडा सडा, लाल माती, वाळलेले गवत, आंब्याची सावली आणि देवराई अशा पाच जागा निवडाव्यात. सकाळी ७, दुपारी १२, ३ आणि सायंकाळी ६ वाजता पृष्ठभागाचे आणि सव्वा मीटर उंचीवरच्या हवेचे तापमान नोंदवावे. हवेसाठी तापमापक सावलीतच धरावा. पृष्ठभागासाठी यंत्रे मोजायचा अवरक्त तापमापक मिळाला तर उत्तम. ताप पाहण्याचा चालणार नाही, कारण तो शरीराच्या तापमानापलीकडे वाचत नाही. फेब्रुवारी, एप्रिल व ऑक्टोबर असे तीनदा केले तर पानगळीचा आणि ओलाव्याचा परिणामही दिसेल.

सोबतच गावातल्या वयस्क आजी-आजोबांना विचारावे : कोणता व्हाळ पूर्वी कोणत्या महिन्यापर्यंत वाहत असे? कोणती बाव कधी आटते? वरचे रान केव्हा गेले? या उत्तरांची तारीखवार वही करावी. गिब्सन यांनी गावकऱ्यांना हेच विचारले होते, पण त्यांच्या हाती तापमापकाचे आकडे नव्हते. आपल्या विद्यार्थ्यांच्या वहीत दोन्ही असतील. मग परीक्षेतले ते एक वाक्य त्यांना तीन वेगळ्या वाक्यांत लिहिता येईल : जंगल गेले की जमिनीचा पृष्ठभाग दिवसा अधिक तापतो, झऱ्यांवर आणि मातीवर परिणाम होतो, आणि कोकणातल्या पावसाबद्दल तितक्या खात्रीने बोलता येत नाही.